फुरसतबाईंनी ओव्हर घेतली त्याची हकीकत

पळून आले नाही मी. हे वाक्य आधी नीट वाचा मामा, हवं तर चष्मा पुसून परत वाचा, आणि मगच पुढे या.

तीर्थरूप मामांना भाचीचा नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला तब्येतीची चौकशी करायची असते, पण तुमची तब्येत उत्तम आहे हे मला इथवर ऐकू येतंय, कारण तुम्ही आतल्या खोलीत घोरताय आणि मी बाहेर जेवणाच्या टेबलावर बसून, तुमच्याच पेनाने, तुम्हाला पत्र लिहितेय. मधे फक्त एक दार आहे. तोंडी सांगायचा प्रयत्न मी काल करून बघितला. माझं "मामा, त्याचं असं झालं की" एवढं झालं आणि तुमचं "थांब, आधी माझं ऐक" सुरू झालं, ते मामीने ताटं उचलून टेबल पुसेपर्यंत चाललं. पत्राला मधेच थांबवता येत नाही. फार तर फाडता येतं, पण तुम्ही फाडणाऱ्यातले नाही, तुम्ही भोक पाडून फाइलला लावणाऱ्यातले.

तर काल तुम्ही माझ्यावर तीन आरोप ठेवलेत. एक, हातातलं काम टाकून आले. दोन, पेशंट वाऱ्यावर सोडले. तीन, ज्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला त्यांचं, म्हणजे तुमचं, नाक कापलं. हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं, तर मोठ्या डॉक्टरांनी. तुमच्या सोफ्यावर बसून, तुमचा चहा पिऊन, मान हलवत हलवत. आता या डॉक्टरांबद्दल तुम्हीच मला लहानपणापासून सांगत आलात, की शाळेत ते तुमच्या बाकावर बसायचे आणि गणितं तुमच्या पाटीत डोकावून सोडवायचे. अशा माणसाच्या हाती लोकांनी आपली आतडी दिली त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, ती लोकांची आतडी. पण निदान तुम्ही तरी त्यांचं उत्तर तपासून घ्यायला हवं होतं. तुम्हाला तर सवय होती.

त्यांच्या हॉस्पिटलबद्दल थोडं सांगते, कारण तुम्ही ते उद्घाटनालाच बघितलंय. (बाहेरच्या पाटीवर मल्टिस्पेशालिटी लिहिलंय. त्यातली मल्टी मला रोज दिसायची, स्पेशालिटी मी जाईपर्यंत सापडली नाही.) तिथे एक लिफ्ट आहे. ती मी लागायच्या आधीच बंद पडली. लिफ्ट बंद पडली, पण लिफ्टवाला चालू होता, आणि मोठ्या डॉक्टरांना पगारी माणूस रिकामा बसलेला बघवत नाही. म्हणून त्यांनी त्याला सलाईन लावायला शिकवलं. शिकवलं म्हणजे "हे बघ, असं" म्हणून एकदा करून दाखवलं. लिफ्टवाला स्वभावाने गोड माणूस, त्याच्यावर माझा राग नाही. त्याला बटणं दाबायची सवय, त्यामुळे शीर मिळेपर्यंत तो पेशंटचा हात जागोजागी दाबत राहतो, आणि मिळाली की "आला" म्हणतो, मजला आल्यासारखा.

इथपर्यंत हसायला हरकत नाही. मीही हसले होते. पण चार्टवर सलाईन कुणी लावली त्याचा एक रकाना असतो, आणि तिथे लिफ्टवाल्याची सही चालत नाही, कारण त्याच्याकडे रजिस्ट्रेशन नाही. माझ्याकडे आहे. म्हणून सुई त्याची आणि सही माझी, अशी मोठ्या डॉक्टरांनी कामाची वाटणी करून दिली होती. मामा, हे रजिस्ट्रेशन म्हणजे काय ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. तुम्ही "तुझं ते लायसन" म्हणता, स्कूटरचं असल्यासारखं. अभ्यास करून, परीक्षा देऊन, उलट्या आणि बेडपॅन उपसून मिळालेली माझ्या मालकीची जगात एवढी एकच वस्तू आहे. बाकी सगळं तुम्ही आणि बाबांनी घेऊन दिलेलं. ते गेलं की मी नर्स नाही, नुसती पांढरे कपडे घातलेली मुलगी. आणि ते जायला वेळ लागत नाही. कुणाच्या तरी सुईवर माझी सही असली आणि त्या माणसाचं काही बरंवाईट झालं, की रजिस्ट्रेशन देणारं नर्सिंग कौन्सिल लिफ्टवाल्याला नाही बोलावणार, मला बोलावणार. मोठे डॉक्टर तेव्हा म्हणतील, "हो का? मला कल्पना नव्हती." ते हे वाक्य आरशासमोर म्हणून बघत असणार, इतकं ते त्यांना छान जमतं.

त्यांच्या खालोखाल इन्चार्ज सिस्टर. त्यांना आम्ही फुरसतबाई म्हणतो, कारण त्यांना कशालाच फुरसत नसते. पेशंटला धाप लागली, फुरसत नाही. पेशंटची धाप थांबली, ते बघायलाही फुरसत नाही. फुरसतबाई चांगल्या शिकलेल्या, रजिस्टर्ड नर्स, कधीकाळी हुशारही असाव्यात. पण आता त्यांचं सगळं नर्सिंग "लिहून टाक गं" या तीन शब्दांत मावतं. बीपी घ्यायला वेळ नाही? लिहून टाक गं. माझ्या आधी तिथे ज्या कुणी होत्या त्यांनी इतकं लिहून टाकलं होतं, की अख्ख्या मजल्याचं बीपी एकसारखं, पुस्तकात छापावं तसं. एक आजोबा सकाळीच घरी गेले होते, दुपारी त्यांचंही बीपी झकास होतं. मी प्रत्येकाचं खरं घेऊन लिहायला लागले तर फुरसतबाई म्हणाल्या, तू आल्यापासून पेशंटची तब्येत बिघडायला लागलीय.

आणि बोलणं! तुम्ही काल म्हणालात, वरिष्ठ बोलतात, ऐकून घ्यायचं, आम्ही नाही का ऐकलं. मामा, तुमच्या ऑफिसात तुम्हाला कुणी "ए बावळट" अशी हाक मारत होतं का? मारत असेल तर आताच सांगा, मी ऐकून घेते. मला तिथे नावाने एकानेही हाक मारली नाही. "ए नवीन" हे सकाळचं, "ए बावळट" दुपारचं, आणि मोठे डॉक्टर राउंडला आले की "ही कुणी ठेवली?" (तुमच्या शब्दावर त्यांनीच.) पाणी प्यायला बसले तर, बसायला ठेवलंय का. बाथरूमला गेले तर, कुठे हुंदडत होतीस. हे सगळं मी तुम्हाला सांगितलं नव्हतं असं तुम्ही म्हणालात. सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, अनुभव मिळतो. मिळाला.

एवढं सगळं सोसून मी तिथे टिकले असते, खरंच, कारण मला तुमच्या नाकाची तुम्हाला वाटते त्याहून जास्त काळजी आहे. पण मग काकूंचं प्रकरण झालं. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या एक काकू होत्या. त्यांना एक इंजेक्शन अजिबात चालत नाही, मागे एकदा दिलं होतं तर श्वास कोंडून जिवावर बेतलं होतं. हे त्यांनी मला सांगितलं, मी फाइलवर लाल पेनाने ठळक लिहिलं, खाली रेघ मारली. दुसऱ्या दिवशी बघते तर लिफ्टवाला नेमकं तेच इंजेक्शन भरून काकूंच्या उशाशी उभा, आणि काकू बिचाऱ्या बाही वर करून तयार. मी धावत जाऊन त्याचा हात धरला. तो घाबरून म्हणाला, "मोठ्या साहेबांनी सगळ्यांना एकच द्यायला सांगितलंय." तेवढ्यात मोठे साहेब आलेच. मला वाटलं, आता तरी म्हणतील की बरं झालं बघितलंस. ते म्हणाले, "कालची पोरगी मला शिकवणार?" आणि हातातला स्टीलचा ट्रे माझ्या दिशेने फेकला. तो भिंतीला लागला. (नेम चुकला. त्यांच्या ऑपरेशनच्या टेबलावर झोपण्याचा कधी प्रसंग आला तर एवढं लक्षात असू द्या.) वर मला सांगितलं, चार्टवर लिही की पेशंटने इंजेक्शन घ्यायला नकार दिला, आणि खाली सही कर. म्हणजे चूक यांची, हात लिफ्टवाल्याचा, नकार काकूंचा आणि सही माझी. मी जे झालं तेच लिहिलं, आणि त्याच दिवशी राजीनामा दिला. नियमाप्रमाणे आठवडाभराची नोटीस देऊन. मोठ्या डॉक्टरांनी तो वाचून चहाच्या कपाखाली ठेवला. माझ्याकडच्या प्रतीवर मात्र मी ऑफिसातून शिक्का मारून घेतला. पळून जाणारी माणसं शिक्का मारून घेत नाहीत, मामा.

आता मुद्द्याचं. नर्सची ड्यूटी घड्याळात संपते पण खरी संपत नाही. पुढची नर्स येते, तिला एकेका खाटेपाशी उभं करून सांगायचं असतं: यांना काय झालंय, काय दिलंय, काय द्यायचंय, कशावर नजर ठेवायची. तिने ते ऐकलं, औषधाच्या कपाटातलं मोजून किल्ली घेतली, सही केली, की पेशंट तिचे. तोवर माझे. याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. (क्रिकेटशी संबंध नाही, टीव्हीकडे बघू नका.) ओव्हर न देता दाराबाहेर पाय टाकला तर तो पेशंट टाकून जाणं, आणि तेवढ्या एका गोष्टीसाठी रजिस्ट्रेशन जाऊ शकतं. कॉलेजात आमच्या ट्यूटर म्हणायच्या, जायचं असेल तर खुशाल जा, पण पेशंट कुणाच्या तरी हातात देऊन जा. नियम चांगलाय. मला मान्य आहे. पण या लोकांनी त्याचा दोर केला होता आणि तो माझ्या गळ्यात बांधला होता. ड्यूटी संपायची, पुढची नर्स यायची नाही. फुरसतबाईंना विचारलं की "येतेय, रस्त्यात आहे." मग मी आणखी एक ड्यूटी करायची. ती संपली तरी रिलीव्हर रस्त्यातच. इतका वेळ रस्त्यात असलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. आणि मी कुरकुर केली की फुरसतबाई दार उघडून धरायच्या आणि गोड हसून म्हणायच्या, जा की, कुणी अडवलंय? रजिस्ट्रेशन जाईल तेवढंच.

नोटिशीचा शेवटचा दिवस उजाडला. मजल्यावर मी, आणि माझ्याशिवाय ओव्हर घेऊ शकेल असं रजिस्टर्ड माणूस एकच, फुरसतबाई. त्यांनाही हे ठाऊक होतं. तेव्हा त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, त्या एका जागी सापडेनात. चादरींच्या खोलीत गेले, तर आतून पाठीमागच्या दाराने निघून गेल्या. काउंटरवर गाठलं, तर फोनवर बोलायला लागल्या (फोन उलटा धरला होता). एक्स-रेच्या खोलीत शिरल्या आणि आतून ओरडल्या, "दार उघडू नकोस, किरण लागतील!" मशीन महिनाभर दुरुस्तीला गेलेलं. शेवटी त्या बाथरूममध्ये जाऊन बसल्या. मी फाइलींची ट्रॉली दाराशी लावली आणि बाहेरूनच मोठ्याने सुरू केलं, "पहिली खाट, पित्ताशयाच्या काकू…" तर त्यांनी आत नळ सोडला. बादली भरली तरी बंद करेनात. नळाच्या आवाजात ओव्हर ऐकू आली नाही, म्हणजे ती घेतली गेली नाही, असा त्यांचा कायदा. तुम्ही हसाल, पण मला तेव्हा रडू येत होतं. आज जर दिली नाही तर उद्याही मीच, परवाही मीच, आणि ज्या दिवशी वैतागून निघून जाईन त्या दिवशी ही बाई नळ बंद करून बाहेर येईल आणि लिहून टाकेल, की पेशंट टाकून गेली.

मग भेटीची वेळ झाली. नातेवाईक आले. आणि नळ आपोआप बंद झाला. कारण मामा, फुरसतबाईंना जगात एकाच गोष्टीसाठी फुरसत असते: चार लोकांसमोर नव्या मुलीचं माप काढायला. त्या एप्रन सारखा करत बाहेर आल्या आणि सुरूच झाल्या, अजून ड्रेसिंग ट्रॉली आवरली नाही, चादर चुरगळलीय, काय शिकून येतात हल्लीच्या. लोक बघायला लागले. त्या आणखी फुलल्या. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मी चेहरा होता त्यापेक्षा बावळट केला (त्यांच्या मते हे अशक्य) आणि चाचरत विचारलं, सिस्टर, काकूंचं ड्रेन (म्हणजे पोटातलं पाणी बाहेर काढायची नळी) उजवीकडेच आहे ना?

"म्हणजे? ड्यूटी कुणाची आहे? उजवीकडेच आहे! सकाळी रिकामं केलंय, संध्याकाळी परत मोजायचं. आणि ते इंजेक्शन चालत नाही यांना, फाइलवर एवढं लाल केलंय, दिसत नाही तुला?"

(लाल मी केलंय.) काकूंचा मुलगा कौतुकाने बघत होता. मी पुढच्या खाटेपाशी गेले, त्या मागोमाग. तिथे पाय मोडलेले एक मास्तर होते, नवं कोरं प्लास्टर. मी म्हटलं, यांचं फक्त प्लास्टर ओलं होऊ द्यायचं नाही, एवढंच ना? "एवढंच? बोटं गार पडतात का, निळी पडतात का, कोण बघणार? हे तुला मी सांगायचं? आणि दुखण्याची गोळी दुपारीच झालीय, आता लगेच द्यायची नाही!" असं करत करत मी शंका विचारत गेले आणि त्या खाटेखाटेवर थांबून, हात उडवत, घडाघडा सगळं म्हणत गेल्या. एक अक्षर चुकलं नाही. कुणीतरी त्यांना खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. फुरसत नव्हती. खरं सांगते, बाई हुशार आहे, आणि याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. काही राहिलं असतं तर मी सांगितलं असतं, पण काही राहिलंच नाही.

शेवटी कपाट. मी म्हटलं, यातली मोजदाद मला नीट जमत नाही बहुतेक. "आण ती किल्ली इकडे!" किल्ली घेतली, उघडलं, इंजेक्शनची एकेक अँप्यूल मोठ्याने मोजली, बरोबर भरली, कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या खिशात. "दिसलं? असं करतात. आणि इथे सही करायची असते, ती पण विसरतेस." आणि स्वतः, ठसठशीत, ओव्हर घेणाऱ्याच्या जागेवर सही. दुसरी जागा रिकामी होती, तिथे मी केली. मग विचारलं, सगळं समजलं ना सिस्टर?

"मला विचारतेस? या मजल्यावरचं मला समजलेलं नाही असं काही आहे?"

"नाही सिस्टर. मग पेशंट तुमचे. येते मी."

फुरसतबाईंनी खिशाला हात लावला. किल्ली तिथेच होती. सहीकडे बघितलं. तीही तिथेच होती. तेवढ्यात मागून मास्तर म्हणाले, "या बाई, आता माझी बोटं बघा." (आणि जी रिलीव्हर इतके दिवस रस्त्यात होती, ती फुरसतबाईंच्या एका फोनवर लगोलग पोचली, असं लिफ्टवाला सांगत होता. तेव्हा पेशंट वाऱ्यावर कुणी सोडले होते, ते बघा.)

जिन्यात मोठे डॉक्टर भेटले. लिफ्ट बंद, त्यामुळे तेही पायीच, धापा टाकत. म्हणाले, कौन्सिलला लिहून तुझं रजिस्ट्रेशन घालवतो. मी म्हटलं, पत्ता देऊ का? माझं पत्र आधीच गेलंय, ट्रे, लिफ्टवाला, काकूंचं इंजेक्शन, सगळं घालून, आणि पोच आलीय. ते तिथेच कठड्याला टेकले. मला आधी वाटलं धापेमुळे. मग त्यांच्या लक्षात आलं असावं, की कौन्सिल नाही तर निदान मामा आहेत. आणि ते तुमच्याकडे आले.

राहता राहिलं तुमचं नाक. माझ्या माहितीप्रमाणे ते जागेवर आहे, आतून आवाज येतोय. तुम्हाला मी वाईट मानत नाही. तुम्ही मला शाळेत सोडायला यायचात, ते मी विसरले नाही. पण "माझा मित्र खोटं कशाला बोलेल" असं तुम्ही काल ज्या भरवशाने म्हणालात, त्यातला पावभर जरी भरवसा भाचीसाठी ठेवला असतात, तर या पत्राची शाई वाचली असती. वडीलधाऱ्यांना एवढं उलट लिहिल्याबद्दल जो काही राग येईल तो येऊ द्या, आशीर्वाद नंतर सवडीने द्या.

तुमची (अजूनही)
भाची

ता. क. एक विनंती आहे, खरं तर त्यासाठीच एवढं सगळं लिहिलं. नोकरीला लागताना मोठ्या डॉक्टरांनी माझं रजिस्ट्रेशनचं मूळ सर्टिफिकेट "जपून ठेवतो" म्हणून ठेवून घेतलं होतं. असं ठेवता येत नाही हे त्यांनाही माहीत आहे, म्हणून काल जाताना त्यांनी ते तुमच्या हातात दिलं, "पोरगी माफी मागेल तेव्हा द्या" म्हणून, आणि तुम्ही ते कपाटात ठेवून कुलूप लावलंत. हे मला मामीने सांगितलं. सोमवारी सकाळी मला नव्या ठिकाणी मूळ कागद दाखवायचाय, नाही दाखवला तर ती जागा जाईल. माफी मी मागणार नाही. पण तुम्ही जागे झाल्यावर, चहा घेऊन, शांतपणे विचार करून ते मला परत द्यावं, ही कळकळीची विनंती.

ता. क. २ वरची विनंती रद्द समजा. मामी भाजी निवडता निवडता माझ्या खांद्यावरून वाचत होती. वाचून झाल्यावर हात पुसले, आत गेली, तुमच्या उशाखालून किल्ली काढली (तुम्ही कूस बदललीत, तिने तुम्हाला थोपटलं), कपाट उघडलं, आणि आता सर्टिफिकेट माझ्या पिशवीत आहे. तेव्हा विनंती एवढीच उरली, की मामीला काही बोलू नका. बोलाल तर ती ऐकून घेईल असं मला आता वाटत नाही.

ता. क. ३ घोरणं थांबलंय. चपला घातल्यात, हे उभ्यानेच लिहितेय. आतून तुम्ही "बाहेर कोण आहे गं?" म्हणून विचारलंत. मामी "कुणी नाही" म्हणाली. खरंच आहे तिचं, निघाले मी.